गोळी चढत का नाही? ब्राउनिंगची पेटी आणि रायपूरचा गिरीलाल



मागच्या भागात आपण रायपूरच्या 1858 सालच्या उठावाबद्दल बोललो. 18 जानेवारीच्या रात्री हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं, आणि 22 जानेवारीला त्याच्या 17 साथीदारांना फाशी दिली गेली, ती सगळी हकिकत तुमच्या लक्षात असेल. हनुमानसिंहाचा हुद्दा कागदोपत्री ‘मॅगझीन लष्कर’ असा आहे. हे काय प्रकरण, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मॅगझीन म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. अरबी ‘मखझन’ म्हणजे साठवणीची जागा, त्यावरून युरोपीय भाषांत हा शब्द गेला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे परत आला. त्या कोठारावर राबणारा माणूस म्हणजे मॅगझीन लष्कर.

आजचा भाग ह्याच शब्दापासून सुरू करतो. कारण पुढे हे कोठार आकसत आकसत इतकं लहान झालं की ते पिस्तुलाच्या मुठीत मावलं. सात-आठ काडतुसांची एक चपटी पत्र्याची डबी. तिलाही आपण मॅगझीनच म्हणतो. आणि आजची गोष्ट ह्या डबीची आहे.

मी राहतो ते पुरानी बस्तीत, दूधाधारी मठाच्या बाजूला. नोकरीची बरीच वर्षं शस्त्रागारात गेली, म्हणजे हत्यारं उघडायची, साफ करायची, दुरुस्त करायची आणि नोंदवहीत लिहायची. निवृत्त झालो तरी गल्लीतल्या लोकांच्या डोक्यातून ते जात नाही. काही महिन्यांपूर्वी शेजारचे एक गृहस्थ संध्याकाळी आले. मूळचे तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातले, व्यापारी, रोकड घेऊन फिरावं लागतं म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून नवं कोरं पिस्तूल घेतलेलं. चेहरा पडलेला.

“भाऊ, गोळी चढतच नाही हो. दोन सुटतात, तिसरी अडकते. इतके पैसे घातले आणि हे असं.”

मी विचारलं, “कुठे चालवलंत?”

“रेंजवर. तिथेच. पण आता सराफ्यातला एक कारागीर म्हणतो, आणा इकडे, कानस मारून आतला उतार गुळगुळीत करून देतो. दहा मिनिटांचं काम.”

मी त्यांना तिथेच थांबवलं. एक तर शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवाना नसलेल्याने हत्याराची दुरुस्ती करणं हाच गुन्हा आहे, करणाऱ्याचाही आणि करवून घेणाऱ्याच्याही गळ्याशी येणारा. आणि दुसरं म्हणजे, कानस मारून काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. रोग कुठे आहे ते न बघता केलेला उपाय. तो कारागीर हुशार असेल, नाही म्हणत नाही. पण ह्याच रायपुरात ऐंशी वर्षांपूर्वी एका हुशार कारागिराला हत्यारं बनवल्याबद्दल आठ वर्षांची सजा झाली होती. त्याच्याकडे आपण येणारच आहोत. आधी गोळी का अडकते ते समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय पुढचा इतिहास नुसता शौर्यकथा वाटतो.

असं बघा. रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोल चक्र असतं. प्रत्येक काडतुसाला त्याची स्वतःची खोली. चाप ओढला की तुमच्या बोटाच्या जोराने चक्र एक घर फिरतं आणि पुढची गोळी नळीसमोर येते. एखादं काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढा, पुढचं येतं. सगळी ताकद माणसाच्या बोटाची.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात तसं नाही. तिथे एका गोळीचा धक्का पुढच्या गोळीचं काम करतो. गोळी सुटते, त्या धक्क्याने वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकतो. जाता जाता रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, आणि पुढे येताना तो मॅगझीनमधलं सगळ्यात वरचं काडतूस रेटत, एका छोट्या उतारावरून चढवत, नळीच्या मागच्या खोलीत बसवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणजे दर गोळी ही पुढच्या गोळीची हमाल असते. एकीने आळस केला की दुसरी अडली.

मग अडकते तेव्हा संशयित किती? माझ्या हिशेबाने चार.

पहिला आणि सगळ्यात मोठा, मॅगझीन. त्याच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत दुमडलेल्या असतात, काडतूस कोणत्या कोनात वर येणार ते त्या ठरवतात. कड जराशी वाकडी झाली, आतली स्प्रिंग ढिली पडली किंवा नवी असल्यामुळे फारच ताठ असली, की काडतुसाचं नाक उतारावर आपटून थांबतं.

दुसरा संशयित काडतूस. आपल्याकडे नागरिकांना परवान्यावर मिळणारं पिस्तूल साधारणपणे .32 बोअरचं असतं. ह्या काडतुसाची गंमत अशी की त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली, तर पुढे सरकताना ती खालच्या काडतुसाला अडकून त्यालाच ओढू बघते. डबी तिथेच जाम. घाईत मॅगझीन भरणाऱ्यांचं हे हमखास होतं. जुनं, दमट हवेत पडलेलं काडतूस असेल तर धक्काच कमी बसतो, स्लाइड अर्ध्या वाटेत परत येते.

तिसरा संशयित हात. मनगट ढिलं ठेवलं तर सगळं पिस्तूलच मागे जातं. मग स्लाइडला मागे जायला टेकू उरत नाही.

आणि चौथं, नवेपण. नव्या यंत्राचे भाग एकमेकांना सरावलेले नसतात. कारखान्यातलं जाड ग्रीस तसंच असतं. परदेशात लोक नवं पिस्तूल घेतल्यावर शेकडो गोळ्या झाडून ते सरावाचं करून घेतात. आपल्याकडे वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. आमच्या शेजाऱ्यांनी सगळी मिळून दोन डझनही झाडली नव्हती.

मी त्यांना सांगितलं ते एवढंच. पिस्तूल आधी मोकळं करा, मॅगझीन काढा, खोलीत काडतूस नाही हे डोळ्याने आणि बोटाने बघा. पुस्तिकेप्रमाणे साफ करा, तेल बेताचं. दोन्ही मॅगझीनवर खडूने एक आणि दोन लिहा. मग रेंजवरच, जाणत्या माणसासमोर, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आधी मॅगझीन, मग काडतुसाचा लॉट, मग पकडणारा हात. आणि तरीही अडली तर जिथून घेतलं त्या परवानाधारक दुकानात परत द्या. कानस कुणालाही लावू देऊ नका.

आता मूळ विषयाकडे. ह्याच जातीचं काडतूस, युरोपात ज्याला 7.65 ब्राउनिंग म्हणतात, ते 1899 च्या सुमाराचं. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर, बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. त्याचं पिस्तूल बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या कारखान्याने काढलं, 1900 चं मॉडेल. मॅगझीनमध्ये सात गोळ्या. चपटं, कोटाच्या खिशात बसणारं. युरोपात ते इतकं चाललं की काही देशांत ‘ब्राउनिंग’ हाच पिस्तुलाला दुसरा शब्द झाला.

ह्या ब्राउनिंगच्या जातीची 20 पिस्तुलं 1909 च्या फेब्रुवारीत लंडनहून निघाली. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणारा चतुर्भुज अमीन मुंबईला परतत होता. त्याच्या ट्रंकेला दुहेरी तळ केला होता, आणि त्या चोरकप्प्यात सावरकरांनी पाठवलेली पिस्तुलं आणि काडतुसं होती. मार्चच्या सुरुवातीला ती मुंबईत उतरली. तोवर बाबाराव सावरकरांना अटक झालेली होती. जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी तरुण अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृत जाणणारा, मराठी बोलणारा माणूस, त्या दिवशी त्याच्या निरोपाचा प्रयोग होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्या तिघांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

ही हकिकत तुम्ही शाळेपासून ऐकली आहे. शस्त्रागारातला माणूस म्हणून मी ती जरा वेगळी वाचतो. मला दिसतो तो मोजका साठा. ट्रंकेच्या तळातून जेवढी काडतुसं आली तेवढीच. सरावासाठी एक झाडली की कामासाठी एक कमी. त्याच वर्षी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडच्या रेंजवर पैसे मोजून सराव करू शकत होता. 1 जुलैला कर्झन वायलीवर गोळ्या झाडण्याआधी त्याचा हात बसलेला होता. नाशिकच्या मुलांना अशी रेंज कुठून मिळणार? आपल्या शेजाऱ्याला दोन डझन गोळ्यांत पिस्तुलाचा स्वभाव कळला नाही, तर त्यांना कितीत कळणार होता?

म्हणूनच नाशिकच्या बेतात एकटा कान्हेरे नव्हता. त्याला जमलं नाही तर देशपांडे, देशपांडेला जमलं नाही तर कर्वे. हे आपण धैर्य म्हणून सांगतो आणि ते आहेच. पण त्यात एक साधा हिशेबही आहे. नेम चुकू शकतो, काडतूस फुसकं निघू शकतं, गोळी अडकू शकते. न तपासलेल्या यंत्रावर एकट्याने विसंबायचं नाही.

त्या दिवशी पिस्तूल चाललं. पहिली गोळी चुकली, पुढच्या लागल्या. म्हणजे हेर्स्टालच्या कारखान्याने आपलं काम केलं. अडलं ते दुसरीकडे. पिस्तूल आलं कुठून हा धागा पकडून तपास लंडनपर्यंत गेला, आणि ज्याच्या ट्रंकेतून ती आली तो चतुर्भुज अमीनच सरकारच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. सावरकरांच्या पन्नास वर्षांच्या शिक्षेत ह्या ट्रंकेचा मोठा वाटा आहे.

आता नाशिकहून परत रायपूरला येऊ, 1942 मध्ये.

तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात, मध्य प्रांत व वऱ्हाडात. 1878 चा लिटनच्या काळातला शस्त्र कायदा लागू, परवान्याशिवाय हत्यार नाही. लंडनची ट्रंक नाही, समुद्र नाही, बंदर नाही. परसराम सोनी नावाच्या तरुणाने इथे एक गुप्त गट बांधला. हत्यारं विकत आणणं शक्य नव्हतं, म्हणून ती बनवायची ठरली. बनवणारा कारागीर होता गिरीलाल. पुढे ह्या प्रकरणाला ‘रायपूर षड्‌यंत्र केस’ हे नाव मिळालं. आरोपींच्या यादीत मुखर्जी, झा, दास, चौबे, वासनिक अशी आडनावं आहेत आणि एक थिटेही आहेत. रायपूर तेव्हाही असं मिसळलेलंच होतं. भोसल्यांच्या काळात आलेली मराठी घरं, रेल्वेबरोबर आलेले बंगाली, आणि मूळचे छत्तीसगढी.

15 जुलै 1942 ला सोनी पकडले गेले तेव्हा त्यांच्याजवळ भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल नव्हे. इथे मी पुन्हा शस्त्रागारातल्या डोळ्याने बघतो. घरगुती कारागिराच्या हातात सेमी-ऑटोमॅटिक का टिकत नाही? कारण ते हत्यार एकटं नसतंच. त्याला हवी एका मापाची स्प्रिंग, केसभरही फरक नसलेल्या पत्र्याच्या कडा, आणि दर वेळी तेवढाच धक्का देणारं कारखान्यातलं काडतूस. शंभरातलं एक वेगळं निघालं की हमाल अडला. रिव्हॉल्व्हर मात्र माणसाच्या बोटावर चालतं, काडतुसातला थोडाफार फरक ते पोटात घालतं. आजही पोलिसांच्या पंचनाम्यात जो ‘गावठी कट्टा’ सापडतो तो बहुतेक एका गोळीचा असतो. चढवायचा प्रश्नच नाही, हाताने घाला आणि हाताने काढा. कारागिराला काय जमतं आणि काय जमत नाही, हे त्या हत्याराच्या आकारातच लिहिलेलं असतं.

सोपं नाही हं ते. रिव्हॉल्व्हरचं चक्र नेमक्या जागी थांबलं नाही तर गोळी नळीच्या तोंडावर आदळते आणि झाडणाऱ्याचाच हात जातो. पोलिसांचा डोळा चुकवून काम. गिरीलालच्या हातात काय कसब असेल ह्याची कल्पना ज्याने आयुष्यभर कानस धरली त्यालाच येईल.

आणि तरीही ती मुलं पकडली गेली ती हत्यार अडलं म्हणून नव्हे. गटातल्या ओळखीच्याच माणसाने खबर दिली. ‘भारत छोडो’चा ठराव व्हायला अजून साडेतीन आठवडे होते. देश पेटला तेव्हा ही मंडळी आधीच कोठडीत होती.

निकाल लागला 1943 च्या एप्रिलमध्ये. परसराम सोनींना सात वर्षं. गिरीलालला आठ.

हा आकडा मला पहिल्यांदा वाचल्यापासून डाचतो. गटाचा पुढारी सात वर्षं, आणि त्याचा कारागीर आठ. न्यायाधीशाने काय विचार केला असेल तो असो, पण सत्तेला कशाची भीती वाटते ते ह्या एका वर्षाच्या फरकात दिसतं. भाषण करणारा दुसरा मिळतो. कोऱ्या लोखंडातून चालतं हत्यार काढणारा हात सहज मिळत नाही. आणि आपण मात्र काय केलं? पुढाऱ्याचं नाव थोडंफार लक्षात ठेवलं. सोनी 1946 च्या जूनमध्ये सुटले, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक ओळ असते. गिरीलालवर अर्धी. तो शिकला कुणाकडे, पहिलं हत्यार फुटलं का, किती वेळा मोडून पुन्हा घडवलं, हे फारसं कुणी विचारून लिहून ठेवलेलं दिसत नाही. अमुक साली अमुक ठिकाणी झाडलेली गोळी आपल्या इतिहासात असते. ती गोळी चढली कशी, हे नसतं.

नाशिक आणि रायपूर शेजारी ठेवून बघा. एकीकडे जगातल्या उत्तम कारखान्याचं पिस्तूल, दुसरीकडे गावातल्या माणसाने घडवलेलं रिव्हॉल्व्हर. दोन्हीकडे यंत्र मोडलं नाही. मोडली ती माणसांच्या साखळीतली एक कडी. त्या कडीवर मी दगड मारणार नाही, कोठडीत काय होतं ते मी नोकरीत दुरून का होईना पाहिलं आहे. पण मॅगझीनच्या डबीसारखंच आहे ते. सात काडतुसं एकमेकांवर रचलेली, आणि एकाची कड चुकीच्या बाजूला बसली की खालची सगळी जागच्या जागी.

आता आमच्या शेजाऱ्यांचं सांगून थांबतो. ते रेंजवर गेले. ‘दोन’ लिहिलेलं मॅगझीन लावलं, गोळ्या एकही न अडकता सुटल्या. ‘एक’ लावलं, तिसरी अडली. पुन्हा ‘दोन’, पुन्हा ठीक. म्हणजे पिस्तूल निर्दोष, उतार निर्दोष, दोष एका डबीच्या वाकड्या कडेचा. दुकानदाराने ती बदलून दिली. कानस मारली असती तर चांगलं पिस्तूल कायमचं बिघडलं असतं आणि दोष मात्र डबीत तसाच राहिला असता.

परत आल्यावर ते म्हणाले, “भाऊ, त्या सराफ्यातल्या पोराला काय सांगू? वाट बघतोय तो.”

मी म्हटलं, “त्याला गिरीलालची गोष्ट सांगा. हात चांगला असेल तर परवानाधारक दुकानात नोकरी मिळते का ते बघू. मी येतो बोलायला.”

मागच्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो. पोरगा खरंच चांगला आहे. त्याने गिरीलालचं नाव ऐकलेलं नव्हतं. रायपुरात जन्मलेला, सदर बाजारात वाढलेला, हाताने लोखंड घासणारा पोरगा, आणि त्याला हे नाव माहीत नाही. म्हणून हा भाग केला.

तुमच्या घरात, तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात, कुणा आजोबांनी 1942 च्या त्या खटल्याबद्दल काही सांगितलेलं आठवत असेल, तर कागदावर उतरवून ठेवा. विशेषतः त्या कारागिराबद्दल.

येतो. पुढच्या भागात भेटू.